अमेरिकन फुटबॉल लोकप्रिय कोणी केला, टीव्हीनं की माहितीपटांनी? (एनएफएल फिल्म्सची गोष्ट)

पानगळ

इथे फुटबॉल म्हणजे अमेरिकन फुटबॉल. लंबगोल चेंडू, हेल्मेट, खांद्यावर गाद्या आणि दर काही सेकंदांनी थांबणारा खेळ. भारतातून नव्यानं अमेरिकेत आलेल्या बहुतेकांची पहिली तक्रार एकच असते: नुसती ढकलाढकली दिसते, चेंडू कुठे आहे तेच कळत नाही. ही तक्रार चुकीची नाही. १९६० च्या आसपास खुद्द अमेरिकेतही टीव्हीवर हा खेळ असाच दिसायचा, आणि त्या देशाचा पहिला खेळ तेव्हा बेसबॉल होता.

चित्र पालटलं त्यात एका छोट्या फिल्म कंपनीचा मोठा हात आहे. एड सेबल हे फिलाडेल्फियातले गृहस्थ. सासऱ्यांच्या ओव्हरकोटच्या कारखान्यात नोकरी. लग्नात भेट मिळालेल्या १६ मि.मी. कॅमेऱ्यावर ते मुलाचे, स्टीव्हचे, शाळेतले सामने टिपत. पुढे नोकरी सोडून त्यांनी मुलीच्या नावानं 'ब्लेअर मोशन पिक्चर्स' काढली आणि १९६२ च्या एनएफएल (नॅशनल फुटबॉल लीग, या खेळाची मुख्य व्यावसायिक लीग) अंतिम सामन्याच्या चित्रणाचे हक्क मागितले. बोली आदल्या वर्षीच्या दुप्पट लावली. सामना ३० डिसेंबर १९६२ ला न्यू यॉर्कच्या यांकी स्टेडियमवर झाला: ग्रीन बे पॅकर्स १६, जायंट्स ७. थंडी आणि वारा इतका की कॅमेरे गोठले आणि फिल्म ठिसूळ होऊन तुटली. तरीही जे हाती लागलं ते पाहून लीगचे आयुक्त पीट रोझेल यांनी आजवर पाहिलेली सर्वांत चांगली फुटबॉल फिल्म म्हणून ती वाखाणली.

रोझेल यांची खरी दूरदृष्टी पुढच्या पावलात होती. त्यांनी संघमालकांना पटवून ही कंपनीच लीगकडे घेतली. १४ मालकांनी प्रत्येकी २०,००० डॉलर घातले आणि १९६५ पासून ती 'एनएफएल फिल्म्स' झाली. आपल्या खेळाच्या आठवणी घडवणारा कारखाना स्वतःच्या घरात असावा हे कळायला इतर खेळांना पुढे कितीतरी वर्षं लागली. बेसबॉलचा साप्ताहिक कार्यक्रम आला तो १९७७ मध्ये.

माझं म्हणणं असं: टीव्हीनं हा खेळ घराघरांत नेला, पण तो पाहायचा कसा हे लोकांना फिल्मनं शिकवलं. जाणकारांनी भर घालावी, खोडूनही काढावं.

तिठा

लेख आवडला, पण श्रेयाची वाटणी पटली नाही. कालक्रम बघा.

१९५८ चा अंतिम सामना, कोल्ट्स २३ जायंट्स १७, जादा वेळेत गेलेला. कोट्यवधी लोकांनी तो टीव्हीवर थेट पाहिला. १९६१ मध्ये अमेरिकी संसदेनं क्रीडा प्रक्षेपण कायदा केला आणि सगळ्या संघांचे हक्क एकत्र विकायची मुभा दिली. लगेच सीबीएस या टीव्ही वाहिनीशी वर्षाला ४६.५ लाख डॉलरचा करार झाला. १९६४ पासून तो वर्षाला १ कोटी ४१ लाखांवर गेला. हा पैसा सगळ्या संघांत समान वाटला गेला, म्हणून ग्रीन बेसारखं लहान गाव न्यू यॉर्कसमोर टिकलं. चुरस तिथून आली.

हॅरिस संस्थेच्या जनमत पाहणीत फुटबॉल बेसबॉलच्या पुढे गेला तो १९६५ मध्ये, म्हणजे एनएफएल फिल्म्स नावारूपालाही आली नव्हती तेव्हा. मग फिल्ममुळे लोकप्रियता आली असं कसं म्हणायचं?

पानगळ

तिठा, हॅरिसचा मुद्दा बिनतोड आहे आणि मी तो मान्य करतो. चढण टीव्हीनंच सुरू केली. पण गॅलपच्या पाहणीत फुटबॉल पुढे गेला तो १९७२ मध्ये. तेव्हापासून आजपर्यंत तो खाली आलेला नाही. वर चढणं आणि वर टिकणं या दोन गोष्टी मी वेगळ्या धरतो.

दुसरं म्हणजे तुमच्या कालक्रमात एक गोष्ट राहून गेली: स्थानिक बंदी. १९७३ पर्यंत घरच्या मैदानावरचा सामना त्या शहरात टीव्हीवर दाखवत नसत, सगळी तिकिटं संपली असली तरी. १९६२ चा तो अंतिम सामनासुद्धा न्यू यॉर्कमध्ये दिसला नाही. लोक प्रक्षेपण पोहोचत होतं अशा बाहेरगावच्या मोटेलांत जाऊन बसले. १९७३ च्या कायद्यानं ७२ तास आधी तिकिटं संपली तर बंदी उठायची सोय झाली.

म्हणजे ज्या शहरात संघाचं सर्वांत जास्त वेड, तिथेच घरचा सामना तिकीट असणाऱ्यांनाच दिसायचा. इतरांच्या वाट्याला यायच्या त्या फिल्म्स. एनएफएल फिल्म्स दर हंगामानंतर प्रत्येक संघाची अर्ध्या तासाची फिल्म काढायची, अगदी तळाला राहिलेल्या संघाचीही. १९७० मध्ये सोमवार रात्रीचे सामने सुरू झाल्यावर मध्यंतरात रविवारच्या सामन्यांची झलक दाखवू लागले आणि समालोचक हॉवर्ड कोसेल त्यावर संहितेशिवाय बोलायचे. ती दृश्यंही एनएफएल फिल्म्सचीच.

रीळमास्तर

हक्कांच्या व्यवहारावर वाद होत राहील. मी कॅमेऱ्यावर लिहितो, कारण फरक तिथेच पडला.

त्या काळचं थेट प्रक्षेपण म्हणजे उंचावर ठेवलेले थोडे, जड कॅमेरे. त्यातून २२ माणसांची मांडणी दिसते, पण माणूस दिसत नाही. सेबल पितापुत्रांनी कॅमेरामनची कामंच वेगळी केली. 'ट्री' म्हणजे झाड: मैदानाच्या मध्यरेषेवर, उंचावर, तिकाटण्यावर पक्का रोवलेला कॅमेरा. हा प्रत्येक प्ले (चेंडू निघाल्यापासून खेळ थांबेपर्यंतचा तुकडा) पूर्ण टिपतो, म्हणजे बाकीचं फसलं तरी गोष्ट हातात राहते. 'मोल' म्हणजे मैदानालगत हातात कॅमेरा घेऊन फिरणारा, खेळाडूच्या उंचीवरून टिपणारा. आणि 'वीझल', ज्यानं चेंडूकडे बघायचंच नाही. बाकावरचे चेहरे, चिखलानं माखलेले हात, प्रशिक्षकाची येरझार, गर्दीतली म्हातारी बाई, हे त्याचं काम. नवीन माणसाकडून वीझलचं काम नीट होत नाही, कारण गुण मिळताना नजर आपोआप चेंडूकडे जाते.

आता संथगतीचा हिशेब. १६ मि.मी. फिल्मच्या एका फुटात ४० चौकटी (फ्रेम). ४०० फुटांच्या रिळात १६,००० चौकटी. सेकंदाला २४ या नेहमीच्या वेगानं हे रीळ ११ मिनिटं चालतं. ६४ ला नेलं की ४ मिनिटं १० सेकंद. १२८ ला २ मिनिटं ५ सेकंद. १२८ नं टिपलेला चार सेकंदांचा प्ले पडद्यावर २१ सेकंद चालतो. त्या २१ सेकंदांत चेंडूची फिरकी दिसते, बोटं ताणलेली दिसतात, पकडण्याआधी डोळे कुठे वळले ते दिसतं. थेट प्रक्षेपणात यातलं काहीच दिसत नव्हतं.

याची किंमत दोन ठिकाणी मोजावी लागते. एक, उजेड. २४ वरून ९६ ला गेलं की प्रत्येक चौकटीला चौपट कमी प्रकाश मिळतो, म्हणजे दोन स्टॉप गेले. डिसेंबरात दुपारी चारनंतर हा फटका जीवघेणा. भिंगाचं छिद्र पूर्ण उघडावं लागतं किंवा फिल्म धुताना जास्त वेळ ठेवून उजळवावी लागते, आणि मग दाणे दिसतात. दोन, फोकस. ३०० मि.मी. भिंग, छिद्र एफ ४, खेळाडू ३० मीटरवर: स्पष्ट पट्टा जेमतेम सव्वा मीटरचा. सेकंदाला आठ मीटर धावणारा माणूस तो पट्टा साधारण दीडदशांश सेकंदात ओलांडतो. मोजपट्टीनं हे जमत नाही. डावा हात भिंगाच्या कड्यावर ठेवून, व्ह्यूफाइंडरमध्ये बघत, सतत फिरवत राहावं लागतं. एनएफएल फिल्म्सच्या दृश्यांत चेंडू हवेत असताना चौकट फक्त चेंडूनं भरलेली दिसते ना, त्यामागे हे कौशल्य आहे. फेकणाऱ्याचा खांदा वळताना कॅमेरा आधीच निघालेला असतो. चेंडू दिसल्यावर निघालं तर तो चौकटीबाहेर गेलेला असतो.

थंडीत काय बिघडतं तेही लिहितो, कारण १९६२ चा उल्लेख आलाय. कोरडी गार फिल्म दात्यांवर वाकताना छिद्रांपाशी चिरते. वंगण घट्ट होऊन मोटर वेग धरत नाही, म्हणजे १२८ लावलं तरी भरतं कमी. वेगानं सरकणाऱ्या कोरड्या फिल्मवर स्थिर वीज साठते आणि धुतल्यावर झाडाच्या फांद्यांसारख्या पांढऱ्या रेषा उमटतात. बॅटरी निम्म्यात मान टाकते. उपाय साधे आहेत: बॅटरी कोटाच्या आत, सुटी रिळं अंगाजवळ नव्हे तर बाहेरच्याच तापमानात, आणि सामना संपल्यावर कॅमेरा उबदार खोलीत नेण्याआधी प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधायचा. पाण्याचे थेंब मग पिशवीवर बसतात, भिंगावर नाही.

३१ डिसेंबर १९६७ ला ग्रीन बेला उणे २५ अंशांत झालेल्या 'आइस बोल' या सामन्याची दृश्यं आजही अंगावर येतात. ती टिपणाऱ्यांनी हे सगळं सोसलेलं आहे.

भरतीची वेळ

रीळमास्तर, जपून ठेवावा असा प्रतिसाद. एक शंका. हाच प्रयोग आपल्या ओळखीच्या फुटबॉलवर, म्हणजे सॉकरवर, त्या काळात इतका का फळला नाही?

रीळमास्तर

खेळाच्या रचनेमुळे. अमेरिकन फुटबॉलमध्ये प्ले पाच-सहा सेकंदांचा आणि मग जवळपास अर्ध्या मिनिटाची उसंत. तीन तासांच्या प्रक्षेपणात चेंडू प्रत्यक्ष खेळात असतो जेमतेम ११ मिनिटं. कॅमेरामनला माहीत असतं की आता चेंडू निघणार. तेव्हाच बटण दाबायचं, प्ले संपला की सोडायचं. पहिल्या सुपर बोलमध्ये (हंगामाच्या अंतिम सामन्यात) १४५ प्ले झाले. प्रत्येकी ६ सेकंद धरा: ८७० सेकंद. ६४ च्या वेगानं साधारण १,४०० फूट, म्हणजे ४०० फुटांची साडेतीन रिळं. एका कॅमेऱ्यानं पूर्ण सामना संथगतीत बसतो, आणि रीळ बदलायला उसंत मिळते.

सॉकरमध्ये ४५ मिनिटं सलग. गोल कुठल्या क्षणी होईल सांगता येत नाही. सगळं ६४ नं टिपायचं तर एका कॅमेऱ्याला एका अर्ध्यात ११ रिळं लागतील, आणि नेमका गोल रीळ बदलताना होईल. फिल्मचा खर्च आणि खेळाची लय जुळणं हे इथे नशिबानं घडलं होतं. ते ओळखलं ही सेबलांची हुशारी.

कानसेन

दृश्यांवर सगळे बोलले, आवाजावर कोणीच नाही. १९६७ ची 'दे कॉल इट प्रो फुटबॉल' ही एनएफएल फिल्म्सची कोनशिला. २०१२ मध्ये लायब्ररी ऑफ काँग्रेसनं ती राष्ट्रीय चित्रपट सूचीत घेतली. तिच्याआधी फुटबॉलच्या फिल्मवर बँडचं ढणढण संगीत आणि निवेदकाची बडबड असायची. स्टीव्ह सेबल यांनी संहितेतले शब्द कमी केले. आवाज घेतला फिलाडेल्फियाच्या टीव्हीवर बातम्या देणाऱ्या जॉन फॅसेंडा यांचा. खर्जातला, संथ, ठाम. ते १९८४ मध्ये गेले, पण लोक अजूनही हा खेळ त्यांच्या आवाजात आठवतात. संगीत सॅम स्पेन्स यांचं. म्युनिकमध्ये मोठ्या वाद्यवृंदाकडून ध्वनिमुद्रित केलेलं. पितळी वाद्यं आणि नगारे, युद्धपटाच्या तोलाचं.

आता कारागिरी. संथगतीत टिपलेल्या दृश्याला स्वतःचा आवाज नसतो. १२८ नं चालणारा कॅमेरा वाजतोही भयंकर. त्यामुळे हेल्मेट आपटल्याचा आवाज, श्वास, गर्दी हे सगळं वेगळं मुद्रित करून नंतर बसवावं लागतं. इथे नवशिक्यांची चूक ठरलेली: धडकेचा आवाज बरोबर स्पर्शाच्या चौकटीवर बसवतात. संथगतीत तो लवकर आल्यासारखा वाटतो. एक-दोन चौकटी उशिरा आणला की वजन येतं. संगीतावर काटायचं असेल तर गणित सोपं आहे. मिनिटाला १२० ठोके, सेकंदाला २४ चौकटी, म्हणजे दर ठोक्याला बरोबर १२ चौकटी. पण प्रत्येक काट ठोक्यावर मारली तर कवायत वाटते. तीन ठोके सोडून चौथ्यावर काटावं, आणि चेंडू हवेत असताना अजिबात काटू नये.

आणि अंगावरचा मायक्रोफोन! ११ जानेवारी १९७०, सुपर बोल ४, न्यू ऑर्लिन्स. कॅन्सस सिटी चीफ्सचे प्रशिक्षक हँक स्ट्रॅम यांच्या अंगावर मायक्रोफोन होता. चीफ्स २३, व्हायकिंग्ज ७. '६५ टॉस पॉवर ट्रॅप' हा डाव ते सुचवतात, पुढच्या क्षणी माइक गॅरेट धावत सीमा ओलांडतात आणि स्ट्रॅम बाकासमोर आनंदानं बडबडत राहतात. डावाचं नाव आधी ऐकलं आणि तो डाव मग डोळ्यांनी पाहिला, असं प्रेक्षकांच्या बाबतीत त्याआधी क्वचितच घडलं असेल. ढकलाढकलीमागे आखणी असते हे समजावायला त्याहून चांगला धडा नाही.

तिठा

कानसेन, स्ट्रॅमच्या त्या दृश्यापुढे मी माझा हट्ट थोडा सैल करतो. करार आणि वाटणीनं खेळाला पैसा दिला, पण अनोळखी माणसाला आत घेण्याचं काम अशा दृश्यांनी केलं हे मान्य.

सरळरेघ

सगळं वाचलं. एक गोष्ट स्पष्ट लिहायला हवी. ही कंपनी लीगच्या मालकीची आहे. त्यामुळे यांना माहितीपट म्हणताना दहा वेळा विचार करावा.

ज्या संथगतीचं इथे कौतुक चाललंय तिनंच डोक्यावर बसलेली टक्कर सुंदर करून दाखवली. संगीत चढतं, खेळाडू हवेत फेकला जातो, दृश्य काटतं. तो नंतर उठला का, त्याला आपलं नाव आठवत होतं का, हे त्या फिल्ममध्ये नसतं. डॉ. बेनेट ओमालू यांचा माजी खेळाडू माइक वेबस्टर यांच्या टकरींनी इजा झालेल्या मेंदूवरचा शोधनिबंध २००५ मध्ये आला. २०१३ मध्ये हजारो माजी खेळाडूंच्या मेंदूच्या इजेबद्दलच्या दाव्यांवर लीगनं ७६.५ कोटी डॉलरची तडजोड जाहीर केली. चार दशकं मैदानाच्या सर्वांत जवळ हेच कॅमेरे होते, आणि त्यांतून हा प्रश्न पुढे आला नाही. काय टिपलं गेलं यापेक्षा काय निवडलं गेलं ते पाहायला हवं.

पानगळ

सरळरेघ, यावर वाद नाही. स्वतंत्र पत्रकारितेचं काम लीगच्या घरातली कंपनी करू शकत नाही. स्टीव्ह सेबलही स्वतःच्या कामाकडे खेळावरच्या प्रेमाचं काम म्हणूनच बघत, पत्रकारिता म्हणून नव्हे. खेळाची भव्यता दाखवणं हेच उद्दिष्ट होतं.

हाच प्रश्न आजच्या मालिकांनाही लागू आहे. २००१ ची 'हार्ड नॉक्स' (बाल्टिमोर रेव्हन्सच्या सराव शिबिरावरची) आणि २०१६ ची 'ऑल ऑर नथिंग' (ॲरिझोना कार्डिनल्स) या दोन्हींत एनएफएल फिल्म्स आहे. दुसरीचा साचा पुढे मँचेस्टर सिटीपर्यंत गेला. आत शिरायला मिळतं ते संघाच्या परवानगीनं, म्हणून कुठलं दार बंद राहिलं हेही प्रेक्षकानं बघावं.

जुनी पेटी

जतनाबद्दल थोडं. पहिला सुपर बोल, १५ जानेवारी १९६७, सीबीएस आणि एनबीसी दोन्हींनी दाखवला. व्हिडिओ टेप महाग होती, पुसून परत वापरायचे, म्हणून दोन्हींकडे पूर्ण प्रक्षेपण उरलं नाही. २०१६ मध्ये लीगच्या वाहिनीनं तो सामना पुन्हा दाखवला तेव्हा सगळे १४५ प्ले एनएफएल फिल्म्सच्या वेगवेगळ्या डब्यांतून वेचून क्रमानं लावावे लागले. टीव्हीनं दाखवलं, पण राहिलं ते फिल्मवर. न्यू जर्सीत माउंट लॉरेलला एनएफएल फिल्म्सचं मुख्यालय आहे, तिथे हा सगळा साठा सांभाळला जातो. त्या भागात मराठी मंडळी भरपूर आहेत, नेहमीच्या रस्त्यावरून जाताना बाजूला काय आहे हे माहीत असावं म्हणून लिहिलं.

पेठकरी

धागा कोल्हापुरातून वाचतोय. आमच्याकडे शाहू स्टेडियमवर पाटाकडील, दिलबहार, प्रॅक्टिस, शिवाजी तरुण मंडळ यांचे सॉकरचे सामने म्हणजे पेठेपेठेची इज्जत. प्रेक्षक हजारोंनी असतात, पण चित्रण बहुतेक वेळा गॅलरीतून एका फोनवर. तीन फोन आणि चार पोरं असतील तर यातलं काय करता येईल?

रीळमास्तर

पेठकरी, बरंच करता येईल.

पहिला फोन झाड: गॅलरीत सर्वांत वर, मध्यरेषेवर, तिकाटण्यावर. १०८० रिझोल्यूशन, २५ चौकटी, शटर १/५०. हा पूर्ण ९० मिनिटं थांबवायचा नाही. वीजसाठ्याची पॉवर बँक जोडून ठेवा. दुसरा फोन गोलरेषेजवळ, पेनल्टी क्षेत्राच्या कोपऱ्यासमोर, गुडघ्याच्या उंचीवर एकपायी काठीवर. उंची कमी ठेवली की खेळाडू आभाळासमोर उभा दिसतो आणि मागचा पसारा जातो. हा १२० चौकटींवर, शटर १/२४०. फोकस आणि एक्स्पोजर लॉक केलेच पाहिजेत, नाहीतर पांढरा शर्ट समोर आला की चित्र काळवंडतं. डिजिटल झूम वापरू नका, जवळ जा. तिसरा फोन वीझल: बाक, हलगीवाले, गॅलरीतल्या आज्या. त्याच्यावरच्या पोराला आधीच बजावा की गोल झाला तरी मैदानाकडे वळायचं नाही.

दिव्यांच्या उजेडात सामना असेल तर सावध. आपली वीज ५० हर्ट्झची, दिवे सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतात. १२० चौकटींनी टिपून चौपट संथ केलं की चित्र सेकंदाला पाच वेळा लुकलुकतं, आणि ते नंतर नीट निघत नाही. हाती नियंत्रण देणारं ॲप असेल तर १०० चौकटी, शटर १/१००. २५ च्या टाइमलाइनवर तेही चौपट संथच होतं. थोडं पुसट दिसेल, पण लुकलुकणार नाही.

एप्रिल-मेच्या उन्हात फोन तापून मध्येच चित्रण बंद पडतं. पाठीवरचं कव्हर काढा, पांढरं ओलसर फडकं वरून धरा, फोनला लागू देऊ नका. स्पर्धेच्या आयोजकांची लेखी परवानगी आधी घ्या, मैदानालगत उभं राहायला ती लागतेच.

कानसेन

आवाजासाठी चौथा फोन. हलगी-कैताळापासून १०-१५ फूट लांब, कापडात गुंडाळलेला, नुसता ध्वनिमुद्रणावर. जवळ ठेवला तर आवाज फाटतो. सामना सुरू होण्याआधी चारही फोन चालू करून सगळ्यांसमोर एकदा जोरात टाळी वाजवा, जुळवताना तास वाचतील. सिनेमाची गाणी लावू नका, हक्कांमुळे व्हिडिओ खाली उतरेल. हलगी पुरेशी आहे.

पेठकरी

दोघांचेही आभार. चौथं पोर हलगीपाशी बसवतो. त्याला आणखी काय काम द्यावं?

जुनी पेटी

वही द्या. गोल, कार्ड, हुकलेली संधी, गर्दीतला चांगला चेहरा: प्रत्येक वेळी घड्याळातली वेळ, खेळाडूचा क्रमांक आणि कुठल्या फोनवर असेल ते एका ओळीत. त्याच रात्री फाइलींना तारीख, दोन्ही संघ आणि फोन क्रमांक अशी नावं द्या आणि दोन वेगळ्या डिस्कवर उतरवा. उतरवल्याची खात्री होईपर्यंत फोनमधून काही पुसू नका.